मामांच्या दुकानातला चाकवाला माऊस

३ नोव्हेंबर, सोमवार

मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "छान झालंय." मामा म्हणाले, "तुम्हाला छानच वाटणार, डोळा माझा आहे."

आजपासून दुकान माझ्याकडे. ट्रॉफ्या, ढाली, दारावरच्या पाट्या, पितळेवर नावं कोरून देणे. माझी विमा कचेरी बंद पडायला आणि मामांचा डोळा बिघडायला एकच गाठ पडली, त्यामुळे दोन बिनकामाच्या माणसांनी एकमेकांना कामाला लावलंय. मला कोरण्यातलं ओ की ठो कळत नाही. मामा काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेत आणि म्हणतात, "चिंगे, तुला काही कळायला नकोच. कोरतं मशीन. मशीनला सांगतो कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला सांगणार तू आणि तुला सांगणार मी." म्हणजे चार जणांत सगळ्यात खाली मशीन, आणि त्याच्या जरा वर मी.

छत्तीस वर्षांची झाले तरी चारचौघांत चिंगीच. असो.

कॉम्प्युटर डॉस नावाच्या जुनाट प्रणालीवर चालतो. चालू केला की काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं सरकत जातात, मग तो जरा विचार करतो, आणि मग एक चौकोन येतो. त्या चौकोनात पाटीवरचं नाव दिसतं, पण सगळं नाही, एक तुकडाच. बाकीचं बघायला कडेला काडीएवढी पट्टी आहे, तिच्यावर माऊसचा बाण नेऊन ती ओढायची. "नवीन कॉम्प्युटर का घेत नाही?" असं विचारलं. मामा म्हणाले, "मशीन फक्त ह्याचंच ऐकतं. नव्याला ओळखसुद्धा दाखवत नाही."

४ नोव्हेंबर, मंगळवार

जलतरण मंडळाचे चिटणीस येऊन गेले. स्पर्धेच्या बक्षिसांवरची सगळी नावं, शिवाय अध्यक्षांच्या सत्काराची मोठी पितळी पाटी. रविवारी सोळा तारखेला समारंभ. चिटणीस बोलताना प्रत्येक वाक्यानंतर बोट वर करतात. "शुद्धलेखनाची चूक चालणार नाही." बोट. "अध्यक्ष स्वतः वाचतात." बोट.

ते गेल्यावर मी जोमानं साफसफाई काढली. माऊस इतका कळकट होता की हात लावायची शिसारी यावी. पोटात एक रबरी गोळी असते, तिला केस गुंडाळलेले. गोळी धुतली. मग म्हटलं, एवढं केलंय तर बाकीचाही धुवावा.

आता तो चालत नाही.

मामांना सांगितलं, आपोआप बंद पडला. ते हुंगून म्हणाले, "साबणाचा वास छान येतोय."

६ नोव्हेंबर, गुरुवार

बाजारात माऊस आणायला गेले. सगळ्या माऊसना मधे चाक. मी म्हटलं, "बिनचाकाचा द्या." दुकानदार माझ्याकडे असं बघत राहिला जणू मी बिनचाकाची सायकल मागितली. शेवटी गोल पिनेचा एक मिळाला. चाक आहेच, पण मागच्या गोल भोकात बसतो तरी.

बसवला. कॉम्प्युटर चालू केला. स्क्रीनवर इंग्रजीत आलं, माऊस सापडला नाही. मी तो हातात धरून स्क्रीनसमोर नाचवला. काय उपयोग! "मी धरून बसलेय आणि हा म्हणतो सापडला नाही," मी ओरडले.

"डॉसबुवांना बोलाव," मामा म्हणाले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉसबुवा आले. मला वाटलं होतं कुणी पांढऱ्या दाढीचे असतील. हे तर चाळिशीचे, उंच, आणि उभं राहायला जागा मागितल्यासारखे उभे राहतात. गावात जितके म्हातारे कॉम्प्युटर आहेत ते सगळे हेच बघतात, म्हणून लोकांनी हे नाव पाडलंय. खरं नाव मामांनाही माहीत नाही.

टेबलाखाली शिरले, बाहेर आले, डोकं आपटलं, पुन्हा शिरले. मग समजावून सांगितलं. माऊस आणि डॉस यांना एकमेकांची भाषा येत नाही. मधे दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपला दुभाष्या जुन्या माऊसच्या वेळचा. तो पुढच्या दारात उभा राहून वाट बघतोय आणि नवा माऊस आलाय मागच्या दारानं.

"मग त्याला मागच्या दाराकडे वळवा," मी म्हटलं.

ते थांबून माझ्याकडे बघायला लागले. "अगदी बरोबर," म्हणाले. "असं पटकन कुणाला कळत नाही."

मला जरा बरं वाटलं. पण मग दुभाष्या बदलायला त्यांना संध्याकाळ झाली. फ्लॉपी घालत होते, काढत होते, आणि मधेच मला विमा कचेरीत काय काम करायचात असं विचारत होते. त्याचा माऊसशी काय संबंध देव जाणे. निघताना बाण हलत होता. मी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, "उद्या एकदा येऊन बघतो. नवा ड्रायव्हर आहे, काही सांगता येत नाही."

८ नोव्हेंबर, शनिवार

बरं झालं आले. आज सकाळी एक छोटी पाटी कोरायला घेतली, तर मशीन चालू झाल्याबरोबर स्क्रीनवरचा बाण थुईथुई नाचायला लागला. मशीनची सुई उजवीकडे गेली की बाण वर उडी मारायचा. उकार आला की कोपऱ्यात जाऊन थरथरायचा. मामांना दिसत नव्हतं, म्हणून मी धावतं वर्णन केलं.

डॉसबुवा खुर्ची ओढून ते बघत बसले. कारण सांगितलं. नवा दुभाष्या जरा जास्तच उत्साही आहे. मागच्या दारावर माऊस आहे हे त्याला कळलंय, तरी तो पुढच्या दारालाही कान लावतो. पुढच्या दाराशी, जुन्या माऊसच्या शेजारच्या भोकात, मशीनची वायर आहे. मशीन काही पुटपुटलं की त्याला वाटतं, हाही माऊसच.

"म्हणजे यानं मशीनलाच माऊस समजलं?"

"हो."

मला हसू आवरेना. डॉसबुवाही हसले. हसताना हा माणूस बरा दिसतो. मग ते म्हणाले, याचा नीट विचार करावा लागेल, सोमवारी येतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

विचार करून आले आणि सुरुवातीच्या फाईलमधे एक अक्षर वाढवलं. एकच! दुभाष्याला सांगितलं की पुढच्या दाराकडे ढुंकूनही बघू नकोस. नाच थांबला. एका अक्षरासाठी अख्खा रविवार विचार करावा लागतो, म्हणजे विषय किती अवघड असेल.

पण नंतर जे झालं त्यानं माझा सगळा आनंद उडाला. डॉक्टरांनी मामांचा काळा चष्मा काढून साधा दिलाय. मामा हौसेनं कॉम्प्युटरसमोर बसले. "सरक, चिंगे, बघू दे माझा नवा माऊस." मोठी अक्षरं त्यांना वाचता आली. पण ती कडेची काडीएवढी पट्टी काही सापडेना. बाण इकडे जायचा, तिकडे जायचा, पट्टीच्या अंगावरून जायचा. मामांनी माऊस हळूच ठेवला आणि रुमालानं पितळेची एक पाटी पुसत बसले. ती आधीच पुसलेली होती.

तेवढ्यात मामेभावाचा फोन. तो दुसऱ्या शहरात असतो. महिनाभर म्हणतोय, "दुकान बंद करा, माझ्याकडे या, सोफ्यावर बसून आराम करा." आज मामा त्याला "नाही" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बघू."

मामा "बघू" म्हणाले की मला धस्स होतं. सोफ्यावर बसून हा माणूस आठवड्यात वाळून जाईल.

डॉसबुवा वायरी गुंडाळत होते. मी त्यांना म्हटलं, "ह्या चाकाचा काही उपयोग नाही का हो? चाक फिरवायला काही दिसावं लागत नाही."

"डॉसला चाक म्हणजे काय हे माहीतच नाही. तो आला तेव्हा माऊसला चाकं नव्हती."

"मग सांगा त्याला."

ते पुन्हा तसेच बघत राहिले. मग म्हणाले, "सांगतो." आणि वायरी गुंडाळायच्या सोडून देऊन, पिशवी इथंच विसरून निघून गेले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दात दाखवायला गेले होते. तिथंही जुनाच कॉम्प्युटर. दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुमचा माऊस कुणी बसवला?" म्हणाल्या, "डॉसबुवांनी. चहा टाकला होता, तो उकळायच्या आत बसवून गेले. एक शब्द बोलतील तर शपथ."

म्हणजे आमचंच प्रकरण फार गुंतागुंतीचं दिसतंय. त्यात तोंडात कापूस, त्यामुळे जास्त विचारता आलं नाही.

डॉसबुवा दुपारी आले. कडक इस्त्रीचा शर्ट. कुणाकडे कार्यक्रमाला निघालात का असं विचारलं, तर "नाही, इथंच" म्हणाले. मग त्या शर्टानं टेबलाखाली शिरायची पंचाईत. शेवटी मीच शिरले आणि ते वरून सांगत राहिले. मामा मधेच खोकले. मी म्हटलं, "पाणी देऊ का?" ते म्हणाले, "मला नको, पण तू डोळ्यांवर मार." ऑपरेशन त्यांचं, आणि पाणी मी मारायचं? औषधांनी माणूस जरा भरकटतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं! पण सरळ नाही झालं.

डॉसबुवांनी कुठून तरी तिसरा दुभाष्या मिळवला, ज्याला चाक कळतं. मोठ्या आशेनं चाक फिरवलं. ढिम्म. ड्रायव्हरला कळतंय की चाक फिरलं, तो तसं सांगतोही, पण कोरायच्या प्रोग्रॅमला ते ऐकायची सवय नाही. बहिऱ्यापुढे ओरडल्यासारखं.

"मग आता?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला ऐकवेना.

डॉसबुवांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि एकदम वेगळाच माणूस झाले. बोलेनात, चालेनात, नुसती बोटं चालू. त्यांनी एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. तो मेमरीत दडून बसतो. चाक वर फिरलं की कीबोर्डवरचा वरचा बाण दाबल्याचं सोंग करतो, खाली फिरलं की खालचा. कोरायच्या प्रोग्रॅमला वाटतं कुणी बटणच दाबतंय.

मामांनी चाकावर बोट ठेवलं. फिरवलं. स्क्रीनवरचं नाव सरकन पुढे गेलं. मागे फिरवलं, मागे आलं. "अरे!" मामा म्हणाले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. "अरे वा रे पठ्ठ्या!" त्यानंतर अर्धा तास त्यांनी दुसरं काही केलं नाही.

मी डॉसबुवांकडे बघून म्हटलं, "तुम्ही फार मोठं काम केलंत." त्यांनी वर केलेल्या बाह्या खाली केल्या, मग परत वर केल्या. घाईनं पाणी प्यायले ते मामांच्या डोळ्यांचे थेंब ठेवायच्या पेल्यातून.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मंडळाचं सगळं काम आज आटोपलं. मामा कॉम्प्युटरवर, मी मशीनवर. मामा एकेक नाव घेत होते, चाकानं पुढेमागे फिरवून बघत होते आणि "सोड!" म्हणून ओरडत होते, की मी बटण दाबायची. चाळीस वर्षांपूर्वी कारागिरावरही असाच ओरडायचो, म्हणाले.

कोरून झालेली प्रत्येक पाटी मी डोळ्यांत तेल घालून तपासली. ऱ्हस्व, दीर्घ, रफार, एकही चूक नाही. चिटणिसांना बोट वर करायला जागाच ठेवली नाही. रात्री शांत झोप लागेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू. लिहितेच.

समारंभ पोहण्याच्या तलावाच्या काठावर. मांडव, खुर्च्या, ओल्या डोक्यांची मुलं. मामा आणि मी मानाच्या रांगेत. डॉसबुवांनाही मामांनी ओढून आणलं होतं. चिटणीस ढालीवर कोरलेलं वाचून एकेकाला बोलावत होते.

पहिली ढाल पोहायला शिकवणाऱ्या सरांची. भरदार मिश्या, खांदे दाराएवढे. चिटणिसांनी वाचलं, "सौ." आणि थांबले. मग पुढचं नाव वाचलं. सर उठले, इकडे तिकडे बघितलं आणि पुन्हा बसले. मला वाटलं, चिटणिसांची जीभ घसरली.

मग आठ वर्षांची एक चिमुरडी. "प्रा." ती धावत गेली आणि ढाल घेऊन आली. तिला काही फरक पडला नाही.

मग तलावाचे रखवालदार, ज्यांनी बुडणाऱ्या मुलाला वाचवलं होतं. ते "डॉ." निघाले. त्यांची बायको उठून उभी राहिली आणि सगळीकडे बघायला लागली की सगळ्यांनी ऐकलं ना.

तोवर मी खुर्ची मामांकडे ओढली होती. मी मामांना विचारलं, "मामा, नावाच्या आधी जे असतं, श्री. आणि सौ., ते प्रोग्रॅममधे कुठं असतं?"

"पहिल्या रकान्यात. नवीन नाव घेतलं की प्रोग्रॅम आधी तिथंच थांबतो. बाणाचं बटण दाबून निवडायचं, त्याच बटणानं पाटीही सरकते." आणि मग मामांचं बोट हवेतल्या हवेत चाक फिरवल्यासारखं हललं, आणि तिथंच थांबलं.

डॉसबुवांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हणजे मामा पाटी पुढेमागे बघण्यासाठी चाक फिरवत होते आणि प्रत्येक वेळी बिचारे श्री. गडगडत कुठच्या कुठे जात होते. आणि मी? मी वेलांट्या तपासत होते! नावाच्या आधी काय आहे ते कोण वाचतं?

शेवटी अध्यक्षांची मोठी पितळी पाटी. चिटणिसांनी ती उचलली. वाचली. त्यांचं बोट वर गेलं आणि वरच राहिलं. पण ध्वनिक्षेपकात त्यांच्या तोंडून ते निसटलंच होतं.

"कै."

अध्यक्ष पंचाहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून उंच फळीवरून सूर मारतात. ते उठले. सावकाश चालत गेले. चिटणिसांच्या हातातून पाटी घेतली, चष्मा लावला, वाचली. मग ध्वनिक्षेपकापाशी येऊन म्हणाले, "मी गेलो कधी? मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

आधी एकच कुणी तरी फिसकलं. मग सगळा मांडव. अध्यक्षांच्या बायको पहिल्या रांगेतून ओरडल्या, "मी सांगत होते ना, त्या उंच फळीवरून उड्या मारू नका!" मग तर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले.

हसले नाहीत ते फक्त चिटणीस. ते तरातरा आमच्याकडे आले. "ही कुणाची चूक?" मी उठणार, मामा उठणार, एवढ्यात डॉसबुवाच उभे राहिले. "माझी. प्रोग्रॅम मी लिहिला. यांनी मी सांगितलं तसंच काम केलं." चिटणिसांनी त्यांना जे काय झाडलं! त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

उगाचच. चाक मामांनी फिरवलं, बटण मी दाबलं. यांना मधे पडायची काय गरज होती? गिऱ्हाईक टिकवायचं असेल. पण माझा जीव तुटला, हे खरं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉसबुवा दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले. काल रात्रीच त्यांना उपाय सुचला होता. चाक फिरल्यावर बाणाचं सोंग करायचंच नाही, पान वर आणि पान खाली या बटणांचं करायचं. ती दोन बटणं दाबली की पाटी सरकते, पण श्री. आणि सौ. ढिम्म हलत नाहीत. बसवलं. मामांनी चाक गरागरा फिरवलं. श्री. श्रीच राहिले.

सगळ्या पाट्या नव्यानं कोरल्या. संध्याकाळी बदलून द्यायला गेलो. सरांनी त्यांची मुकाट्यानं दिली. छोट्या प्राध्यापिकेनं रडून गोंधळ घातला, तिला तीच हवी. रखवालदारांनी घराचं दार उघडलंच नाही, आतून बायको म्हणाली, "डॉक्टर झोपलेत."

अध्यक्षांनी दोन्ही पाट्या ठेवून घेतल्या. "काल रात्रीपासून इतक्या लोकांनी फोन करून माझं कौतुक केलंय," ते म्हणाले, "की जिवंतपणी मला वाटलंच नव्हतं लोकांचं माझ्याबद्दल इतकं चांगलं मत आहे." मग चिटणिसांना आमच्यासमोरच बजावलं, मंडळाचं काम इथंच. चिटणिसांचं बोट खिशातच राहिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मामेभाऊ स्वतः आला. मामांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि त्याच्यादेखत एक लांबलचक पाटी एकहाती कोरून दाखवली. नाव मुद्दाम त्याचंच घेतलं. काम चालू असताना चाकावरचं बोट जराही चुकलं नाही. पाटी त्याच्या हातात देऊन म्हणाले, "ही तुझ्या दारावर लाव. मी येईन चार दिवस राहायला. सोफा असेल तर बसेनही."

तो पाटीकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला. मग मला बाजूला घेऊन, "तू राहशील ना इथं?" मी म्हटलं, "राहीन की." मला वाटलं त्याहून पटकन म्हटलं.

डॉसबुवांनी सगळं शेवटचं तपासलं. माऊस, ड्रायव्हर, चाक, मशीन, सगळं सुतासारखं सरळ. हात पुसले, पिशवी भरली आणि उभे राहिले. फार वेळ उभेच राहिले.

"आता काही बिघडलेलं नाही," म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

"मग यायला काही कारण नाही."

"नाही," मी म्हटलं. काय चुकीचं बोलले? कारण खरंच नव्हतं. ते गेल्यावर मामांनी कपाळावर हात मारला आणि माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, ऑपरेशन उगाच झालं, पूर्वी निदान असं बघता यायचं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर सगळं नीट चाललं. एक गोष्ट बिघडली नाही. इतका कंटाळवाणा दिवस मी विमा कचेरीतही काढला नव्हता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी दारात सावली पडली. मला वाटलं गिऱ्हाईक. डॉसबुवा. पिशवी नाही, फ्लॉपी नाही, रिकामे हात. ते हात कुठं ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. आधी पाठीमागे ठेवले, मग टेबलावर, मग खिशात.

"काही बिघडलंय का बघायला आलात?" मी विचारलं.

"नाही. नुसताच आलो," ते म्हणाले. आणि कानापर्यंत लाल झाले.

मला गेले पंधरा दिवस एकेक करून आठवत होते, आणि प्रत्येक आठवला की कान गरम होत होते. माझे.

आतल्या खोलीतून मामांनी विचारलं, "चिंगे, कोण आलंय? गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक नाही, मामा."

"मग?"

"आपलेच आहेत," मी म्हटलं. आणि म्हणून झाल्यावर मी काय म्हटलं ते मला ऐकू आलं.

आत मामा हसत होते. डॉसबुवा खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसले. मी त्यांना विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

त्यांनी सांगितलं. चांगलं आहे.